तोताराम बँडची शेवटची सुपारी

“तोंड उघडा,” वेणू म्हणाली.

मी उघडलं. तिनं बोटाच्या टोकानं वरच्या पुढच्या दातांना हात लावला, तर दोन्ही दात जागच्या जागी डुलले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“हे आजचा दिवस काढतीन का?”

“आजचाच काढायचा आहे त्यायले,” मी म्हणालो. “उद्यापासून ते मोकळे अन् मीबी मोकळा.”

सावद्याच्या आमच्या घरात भर दुपारी बारा वाजता हा प्रकार चालला होता. बाहेर मे महिन्याचं, केळीची पानं करपवणारं ऊन. खुंटीवर सोनेरी गोंड्यांचा माझा लाल कोट इस्त्री करून टांगलेला. संध्याकाळी फैजपूरला भंगाळ्यांच्या घरची वरात होती आणि ती तोताराम बँडची शेवटची सुपारी होती. हे मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला, वेणूला. तिसऱ्या कोणालाही नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आता मी कवळीनं भाकरी चावतो आणि ती छान चावली जाते. पण कवळीनं ट्रम्पेट वाजत नाही. पितळेवर ओठ दाबायचे असतात आणि ओठांना मागून टेका असतो तो पुढच्या दातांचा. टेका गेला की वरचा सूर गेला. आदल्या दिवाळीत जळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड बघून सांगितलं होतं, “मास्तर, हे दोन काढावे लागतील.” मी म्हटलं, “लग्नसराई होऊ द्या.” ते म्हणाले, “दात तुमचे, लग्नसराई तुमची.”

बरं, मी काही ऐरागैरा नव्हतो. त्या काळी सावदा, फैजपूर, रावेर भागात कोणालाही विचारायचं होतं. लोक आधी तोताराम मास्तरांची तारीख मोकळी आहे का ते पाहायचे आणि मग भटजींकडे मुहूर्त काढायला जायचे. त्यात आमच्या भागात बँडवाल्यांची एक रीत होती. दोन वराती चौकात समोरासमोर आल्या की दोन्ही मास्तरांनी एकटं पुढं यायचं. बाकीचा बँड गप्प, नुसता ढोल चालू. मग आळीपाळीनं वाजवायचं, आणि ज्याचा सूर आधी तुटेल त्यानं आपली वरात बाजूला घेऊन दुसऱ्याला वाट द्यायची. बावीस वर्षांत मी वाट दिली नव्हती, एकदाही नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. मारण्यासारखी होती म्हणून मारतोय.

“दहा माणसं आहेत तुमच्यामागं,” वेणू कोट झटकत म्हणाली. “बँड बंद केल्यावर त्यायचं काय?”

“कसबी माणसं आहेत. कोणीबी घेईन.”

“अन् सुपडू?”

“त्याले तर रावेरचा रमजान उद्याच बोलावीन.”

“मंग बंद कायले करता? सुपडूलेच द्या ना बँड.”

मला हसू आलं. सुपडू म्हणजे माझा दुसरा ट्रम्पेटवाला. चाळिशीचा, काटकुळा, लग्नसराई नसली की केळीचे घड ट्रकमध्ये भरायला जाणारा. सतरा वर्षं माझ्या मागे उभा राहून वाजवत होता, आणि सतरा वर्षांत सतरा वाक्यं बोलला असेल की नाही शंका आहे.

“वेणू, तो मागं वाजवणारा माणूस आहे. चौकात एकटा उभा केला तर त्याचे पाय कापतीन. बावीस वर्षांचं नाव मी त्याच्या तोंडात देऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकायनं ‘कायले सोडलं’ असं विचारलं पाहिजे, ‘कधी सोडता’ असं नाही.”

“मूठ तुमची,” ती कोटाची बटणं लावत म्हणाली, “पण तिच्यात दहा माणसायची बोटं आहेत.”

मी कोटाची कॉलर नीट करायला लागलो.

दातांचं गुपित सांभाळायला मी त्या सराईत एक युक्तीही काढली होती. दिवाळीनंतर सुपडूला बाजूला घेऊन म्हटलं, “सुपड्या, वरच्या जागा आल्या की तूबी माझ्यासंगं वाजवत जा. तुझा दम वाढीन.” तो म्हणाला, “बरं मास्तर.” त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. दोन ट्रम्पेट एकाच सुरात लागले की कुठला आवाज कोणाचा हे ऐकणाऱ्याला तर कळत नाहीच, वाजवणाऱ्यालाही कळत नाही. सगळी सराई मी अशी निभावून नेली होती. आता एक वरात उरली होती. मांडवात मुहूर्त लागला की माईक हातात घ्यायचा आणि सांगायचं, ‘मंडळी, आजपासून तोताराम बँड बंद.’ चार वाक्यं पाठही करून ठेवली होती.

साडेपाचला आमची वरात फैजपूरच्या चौकात शिरली. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचतायत, धूळ नुसती गुडघ्यापर्यंत उडतेय. आणि समोरच्या गल्लीतून दुसरी वरात आली. दोन्ही घोड्यांची तोंडं समोरासमोर आली. त्या वरातीच्या पुढं हिरव्या कोटात, मेंदीनं रंगवलेली दाढी कुरवाळत रमजान मास्तर उभा होता.

रमजान रावेरचा. आम्ही बावीस वर्षं एकमेकांचे वैरी होतो आणि बावीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवत होतो. चौकात तो माझ्याकडून नऊ वेळा हरला होता. दर वेळी हसत बाजूला व्हायचा, आणि दर वेळी मला त्याच्या हसण्याचा राग यायचा.

आमच्या नवरदेवाचे काका किसन भंगाळे घामानं चिंब होऊन धावत आले. “मास्तर, मुहूर्त सहा एक्कावनचा आहे! यायले हटवा बरं पहिले!”

“हटवतो ना भो. घाबरता कायले?”

मी हात वर केला. माझा बँड थांबला. समोर रमजाननंही हात वर केला. दोन्हीकडचे ढोल तेवढे चालू राहिले आणि गर्दीनं आपोआप रिंगण धरलं. आम्ही दोघं मध्ये आलो.

आधी रमजाननं वाजवलं. काय वाजवलं त्या माणसानं! साठीला आलेली छाती, पण सूर असा सरळ वर गेला की गच्चीवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. मग माझी पाळी. मी ट्रम्पेट ओठाला लावला, पहिल्या दोन फेऱ्या खालच्या सुरांवर खेळवून काढल्या, आणि तिसऱ्या फेरीला वर जाण्यावाचून इलाज उरला नाही. छाती भरली, ओठ दाबले आणि चढलो.

दात सरकले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तोंडात खारट चव आली आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा गेली, सायकलच्या चाकातून जाते तशी.

पण सूर लागला होता. भरलेला, गोल, काठोकाठ. सगळ्या चौकावर पसरत होता.

खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, हा माझाच चमत्कार. स्वतःबद्दल माणूस काहीही मानायला तयार असतो. मग मी ट्रम्पेट ओठांपासून बोटभर लांब केला. सूर चालूच. तो माझ्या मागून येत होता, आमच्या बँडमधल्या उखर्डूचं ते जाडजूड पितळी वाद्य, यूफोनियम, त्याचा मोठा भोंगा आहे ना, त्याच्या आडून.

सूर संपला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. रमजाननं आपल्या ढोलवाल्याला ‘चालू ठेव’ अशी खूण केली आणि गळाभेट घ्यायला यावं तसा जवळ आला. कानाशी तोंड आणून म्हणाला,

“तोताराम, आज तरी त्याले पुढं आण यार.”

“कोणाले?”

“तुझ्या मागच्याले. तीन सराया झाल्या, तुझा वरचा सूर यूफोनियमच्या मागून येऊ राह्यला. मी काय बहिरा आहे?”

“तीन नाही,” मी पुटपुटलो. “हीच एक. दातायच्या पायी...”

“दोन वर्षांमागं रावेरच्या चौकात मी हरलो ना? तवाबी त्यानंच वाजवलं. मी बाजूला झालो, पण कोणासाठी झालो ते मले ठाऊक होतं.”

“मंग तवाच बोलला कायले नाही?”

“ज्याच्यामागं असा माणूस उभा राहतो, त्याच्याशी कोण भांडीन?”

मी वळलो. सुपडू मान खाली घालून ट्रम्पेटची कळ पुसत होता. मी त्याच्यापाशी गेलो.

“सुपड्या, कधीपासून?”

“राहू द्या ना मास्तर. सारे बघू राह्यले.”

“कधीपासून म्हणतो मी!”

“सांगवीच्या लग्नापासून.” त्यानं मान वर केली नाही. “वरच्या जागेवर तुमचा सूर फाटला. मी घाबरून उचलला. मले वाटलं, एकदाच. पण वरात उतरल्यावर तुम्ही इतले खूश होते... म्हणाले, ‘सुपड्या, आज काय वाजलं रे माझं! पंचविशीतबी असं वाजलं नव्हतं.’ मंग मी काय सांगू?”

सांगवीचं लग्न मला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी वेणूलाही तेच सांगितलं होतं, आणि वर दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या.

मी बाकीच्यांकडे पाहिलं. उखर्डू यूफोनियमच्या भोंग्यात काहीतरी शोधायला लागला. झांजवाला आभाळाकडे बघायला लागला. सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षं दहा माणसांनी मिळून मला कळू दिलं नव्हतं की मी संपलोय.

आधी लाज वाटली. भर चौकात कोणी कोट उतरवून घ्यावा तशी. मग राग आला, कारण माझी बावीस वर्षं एका वाक्यात एकोणीस झाली होती. आणि मग, राग पुरता चढायच्या आतच, मी त्या वाजवण्याचा हिशेब मनात मांडायला लागलो, कारण शेवटी मीही वाजवणारा माणूस आहे. दुसऱ्याचा सूर नेमका कुठं फाटणार हे आधी ओळखायचं. त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. तो डगमगला की त्याच क्षणी, केसाइतकी फट न ठेवता, आपला सूर त्याच्या सुराखाली सरकवायचा, आणि तोही त्याच्याच ढंगात, म्हणजे त्याला वाटावं की आपणच वाजवतोय. एवढं अवघड मी उभ्या जन्मात वाजवलं नव्हतं. माझ्या मागच्या रांगेत तीन वर्षं हे चाललं होतं, आणि मी दुपारी बायकोला सांगत होतो की त्याचे पाय कापतील.

“मास्तर!” किसनकाका ओरडले. “गप्पा कसल्या मारता? मुहूर्त टळीन!”

रमजान पुन्हा जवळ आला. “तुझ्या ओठावर रक्त दिसू राह्यलं. पुढच्या सराईत तू काही चौकात दिसत नाही मले. मी बाजूला होतो. कोणाले काही कळणार नाही. नाव आहे तसं राहीन. जा घेऊन वरात.”

मला जे हवं होतं तेच तो देत होता. न हरता घरी जायचं, मांडवात चार वाक्यं बोलायची, आणि मूठ झाकलेली ती झाकलेलीच. मी नुसती मान हलवायची होती.

“नाही,” मी म्हणालो, आणि गर्दीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. “माझा सूर तुटला. आता आमचे मास्तर वाजवतीन.” मग मागं वळलो. “मास्तर, या पुढं.”

सुपडूनं मागं वळून पाहिलं, मी कोणाला बोलावतोय ते. मागं फक्त घोडा होता.

“मी नाही हो मास्तर,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला. “मले नाही जमत एकट्याले.”

“तीन वर्षं कोण वाजवू राह्यलं? घोडा? जे लपून वाजवलं ते तोंड दाखवून वाजवा.” मी त्याच्या दंडाला धरून त्याला रिंगणात उभं केलं. मग रमजानला म्हणालो, “अन् तू जर सूट दिली तर माझ्या घरचं पाणी तुले बंद.”

“सूट?” रमजान हसला. “मी तर तीन वर्षं याचीच वाट पाहू राह्यलो.”

मी जाऊन सुपडूच्या जागेवर उभा राहिलो, भोंग्याच्या मागं. सतरा वर्षं त्यानं माझी पाठ पाहिली होती. मी त्याची आज पहिल्यांदा पाहत होतो. कोटाला खांद्याखाली ठिगळ होतं, आतून व्यवस्थित घातलेलं. आणि त्याचे पाय कापत होते. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं.

पण ट्रम्पेट काही पायांनी वाजवत नाहीत. पहिला सूर थोडा थरथरला. दुसऱ्याला तो सावरला. तिसऱ्यापासून त्यानं माझा ढंग सोडला. मी म्हटलं, हे काय नवीन? आणि मग ध्यानात आलं की हे नवीन नव्हतं, हा त्याचा स्वतःचा सूर होता. माझा फाटका सूर झाकायच्या नादात त्याला तो आजवर कधी काढताच आला नव्हता. माझ्यापेक्षा मऊ, आणि शेवटाला अशी काही मुरकी की नाचणारी पोरं नाचायची थांबली आणि नुसती उभी राहिली. रमजान डोळे मिटून ऐकत होता. डोळे उघडायचा आणि त्याहून वर जायचा. सुपडू त्याच्याही वर. एक फेरी, दोन, पाच. कोणाची वरात, कसला मुहूर्त, कोणाला काही सुधरत नव्हतं. दोन्ही नवरदेव घोड्यावरून बाशिंगं बाजूला सारून बघत होते.

सातव्या फेरीला रमजाननं एक लांब सूर धरला आणि धरूनच ठेवला. सुपडूनं तो उचलला. त्याच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. त्याच्याबरोबर मीही श्वास कोंडून धरला. उखर्डूनंही धरला असणार, कारण तो जांभळा झाला होता. आणि शेवटी, एका श्वासाच्या फरकानं, सुपडूचा सूर तुटला.

मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की दोन्ही घोडे बिथरले. आणि सगळ्यात जास्त टाळ्या पलीकडच्या वरातीतून येत होत्या.

तोताराम बँडनं पहिल्यांदाच वरात बाजूला घेतली. आम्ही गटाराच्या कडेला उभे राहिलो आणि रमजानचा बँड आमच्यासमोरून वाजत गेला. सुपडूसमोर आल्यावर रमजाननं ट्रम्पेट खाली घेतला आणि कपाळाला हात लावून सलाम केला. तसा सलाम नऊ वेळा हरूनही त्यानं मला कधी केला नव्हता.

सुपडू रडत होता. “तुमचं नाव घालवलं मी, मास्तर.”

“मास्तर कोणाले म्हणता? मास्तर तुम्ही. अन् तीन वर्षांपासून ते नाव तुमच्याच जिवावर चाललं होतं. आज गेलं ते तुमचं गेलं, परत आणायचं तेबी तुम्हीच आणा. उचला आता. नवरदेव उन्हात ताटकळला.”

किसनकाकांनी मला बाजूला ओढलं. “मास्तर, हे काय करून ठेवलं? लोक काय म्हणतीन?”

“म्हणतीन, भंगाळ्यांच्या लग्नात बँड ऐकला.”

काका नंतर वरातीत नाचले. पुढं सुपडू, मागच्या रांगेत मी, हळू आवाजात खालचे सूर धरून. मी पुष्कळ मान पाहिले आहेत. आमदारांच्या हातून शाली घेतल्या आहेत, घोड्यावरच्या नवरदेवापेक्षा जास्त हार माझ्या गळ्यात पडलेले आहेत. पण त्या दिवशी हरलेल्या वरातीत मागून चालताना माझी छाती जेवढी फुगली होती तेवढी कधी फुगली नाही. कोटाचं वरचं बटण तुटलं ते त्याच दिवशी.

मुहूर्त गाठला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि आम्ही मांडवाच्या बाहेर सतरंजीवर चहा घेत बसलो. आत माईक मोकळा पडला होता. माझी चार वाक्यं मला अजून पाठ होती. मी चहा घेत बसून राहिलो.

तेवढ्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. डोक्याला फेटा, हातात पिशवी. फेट्याचा रंग पाहिला तर पलीकडच्या वरातीतला. तिथलं लग्न आटोपून ते आमच्या मांडवाचा पत्ता विचारत आले होते.

“माझ्या पुतणीचं लग्न आहे, फेब्रुवारीत,” ते म्हणाले. “तारीख धरायची आहे. तुमच्यात मास्तर कोण?”

बावीस वर्षांची सवय. मी अर्धा उठलोही होतो. तसाच खाली बसलो.

“ते काय, तिकडं घोड्याजवळ उभे आहेत ते,” मी म्हणालो. “पण लवकर गाठा भाऊ. त्यांच्या तारखा लई लवकर भरतात.”